चारशे बारा शिक्के

पुस्तक किती वाचलं गेलंय, हे मला ते न वाचता सांगता येतं. पानं कुठपर्यंत मळलीत, कणा कुठं मोडलाय, कोपरा कितव्या पानावर दुमडलाय, एवढं बघितलं की पुरतं. चाळीस वर्षं मी बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवली. लोक ज्याला थोर पुस्तक म्हणतात, ते साधारण सोळाव्या पानापर्यंत मळलेलं असतं. त्यापुढं करकरीत, दुकानातून आजच आणल्यासारखं. आणि ज्याचं नाव घ्यायला लोक लाजतात, त्याची पानं हाताळून हाताळून जुन्या चादरीसारखी मऊ झालेली असतात.

एवढं बारीक बघायची सवय लागण्याचं कारण सोपं आहे. त्या चाळीस वर्षांत मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. बघायला दुसरं काही नव्हतंच.

वाचायला मला नातीनं शिकवलं. ती तेव्हा तिसरीत होती आणि मी एकसष्ट वर्षांची. तिला शाळा-शाळा खेळायला विद्यार्थी हवा होता आणि घरात रिकामी मीच होते. मास्तरीण मोठी कडक. चुकलं की भिंतीकडे तोंड करून उभं करायची. एकदा मी तशी उभी असताना सून बाहेरून आली आणि म्हणाली, "आता आणि काय केलंत?" पण वर्षाच्या आत मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागले आणि दोन वर्षांत वर्तमानपत्र. अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचते. बोट पुढं सरकतं तसा अर्थ पुढं सरकतो. घाई करायची कुणाला आहे?

ही नात आता पंचवीस वर्षांची आहे. इतिहास शिकली आणि वर्षभर आमच्या वाचनालयाच्या जुन्या कपाटांत डोकं खुपसून बसली. वाचनालयाला शंभर वर्षं पूर्ण होत होती, त्यानिमित्तानं तिचं भाषण ठेवलं होतं. विषय होता 'त्या काळातली वाचणारी मुलगी'. त्या काळातली म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची. भाषण समितीला पटलं, तर तिच्या वर्षभराच्या कामाचं पुस्तक वाचनालय छापणार होतं. तिचं पहिलं पुस्तक. दोन महिने ती धड जेवत नव्हती. केस विंचरताना मुद्दे पुटपुटायची.

"आजी," ती एकदा म्हणाली, "एखादा काळ किती पुढं गेला होता, हे कसं ओळखायचं?"

"त्या काळात जगलेल्या माणसाला विचारायचं. मी बसलेय ना इथं."

"माणसांचं काही खरं नसतं. म्हातारपणी सगळ्यांना आपला काळ सोन्याचा वाटतो. त्यापेक्षा त्या काळची पुस्तकं बघायची, चित्रं बघायची. ती खोटं बोलत नाहीत."

"ती काय झाडाला लागतात? माणसंच करतात ना?"

"तू वाद घालू नकोस. तू ऐक."

मी ऐकलं. तिच्याकडं तीन पुरावे होते.

पहिला पुरावा वाचनालयाच्या भिंतीवरचं मोठं चित्र. बागेत पाच तरुण मुली बसल्यात आणि पाचही जणी पुस्तक वाचताहेत. नातीचं म्हणणं, त्या काळच्या चित्रकाराच्या डोळ्यांपुढं मुलगी आली की तिच्या हातात पुस्तक यायचं. मी म्हटलं, "त्यांनी पुस्तक एका हातात अधांतरी धरलंय. तेवढं जाड पुस्तक तसं पाच मिनिटं धरून दाखव, मनगट उतरेल. आणि त्या काळी मुलींना वाचनालयात बसायला बाक नव्हता. वडिलांचं कार्ड घेऊन खिडकीशी उभं राहायचं, पुस्तक घ्यायचं आणि चालू पडायचं." हे तिनं लिहून घेतलं नाही.

दुसरा पुरावा त्या वेळच्या वर्तमानपत्राचं कात्रण. 'आमच्या गावच्या कन्या "जागृतीचा जिना" वाचतात. इतर गावांनी बोध घ्यावा.'

आणि तिसरा, सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे खुद्द 'जागृतीचा जिना'. सहाशे पानांची कादंबरी. बाईला पुरुषाच्या बरोबरीनं वागवा, हे त्या काळी कुणी सांगत नव्हतं तेव्हा ह्या पुस्तकानं सांगितलं. नातीनं त्याची नवी आवृत्ती कॉलेजातून आणून वाचली होती. नायिका पहिल्यांदा तोंड उघडते ती चाळिसाव्या पानावर, आणि मग अकरा पानं मिटत नाही. तर आमच्या वाचनालयातल्या 'जिन्या'च्या मागच्या पुठ्ठ्यावर, पुस्तक परत करायच्या तारखांचे जे शिक्के मारतात, त्यांच्या पट्ट्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. नातीनं त्या वाफेवर सोडवून मोजल्या. बारा वर्षांत चारशे बारा शिक्के. म्हणजे पुस्तक कपाटात म्हणून राहिलंच नाही. एकीच्या हातून दुसरीच्या हातात.

"आणि त्याच वेळी," नात म्हणाली, "'घाटातली ट्रकवाली' नावाचं एक सवंग पुस्तक होतं. त्यावर शिक्के किती? चौदा. कळलं? ह्या गावच्या मुली अवघड पुस्तक मागून वाचत होत्या आणि फालतू पुस्तकाकडं ढुंकून बघत नव्हत्या. मी भाषण इथंच संपवणार आहे."

शिक्क्यांचे फोटो काढायला तिनं तो 'जिना' घरी आणला. हिरव्या कापडाचा जाड पुठ्ठा. मी बघताच ओळखला. कण्याच्या टोकाला शेवटची गाठ मी आतल्या बाजूनं मारते, दुसरं कुणी मारत नाही. आमच्याच कारखान्यातलं काम, माझ्याच हातचं. पानं अगदी मऊ पडली होती, पण एकही सुटलं नव्हतं. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आपण शिवलेलं आपण कधी वाचलं नाही, आता वाचून बघू.

पहिली दोन पानं फाटून गेलेली होती. तिसऱ्यापासून सुरू केलं. अक्षर टपोरं, ओळी विरळ, त्यामुळं पानं भराभर सरायची. तीन दिवस सकाळ-दुपार खिडकीशी बसून बोट सरकवत होते. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नातीला म्हटलं, "तुझी थोर कादंबरी संपत आली गं माझी."

"तू 'जिना' वाचतेयस?" तिचे डोळे भरून आले. "अवघड नाही गेला?"

"अवघड कसला? इतकं सरळ आता कुणी लिहीत नाही. घाटात ब्रेक निकामी होतात ना, तिथं माझा चहा गार झाला."

नातीचा चमचा कपात थांबला. "कुठला घाट?"

"अकराव्या प्रकरणातला. मागं दहा टन सिमेंट, खाली दरी आणि शेजारी क्लीनर रडायला लागलेला. ती त्याला म्हणते, रडायचं असेल तर उतरून रड, केबिन ओली करू नकोस."

"आजी, 'जिन्या'त ट्रक नाही."

"नाही कसा? ती चालवते ना."

सून ओट्याशी होती. ती वळून म्हणाली, "मग तर मलाही द्या वाचायला. तुमच्या नातीची थोर पुस्तकं एवढी चांगली असतात, हे कुणी सांगितलं नाही मला."

नातीनं पुस्तक ओढून घेतलं. मधलं एक पान वाचलं, मग आणखी एक, मग शेवटचं. मग पुठ्ठा मिटून त्यावरचं नाव वाचलं, जसं काही ते आता बदललं असेल. आणि एकदम लहान आवाजात म्हणाली, "ही 'घाटातली ट्रकवाली' आहे. 'जिन्या'च्या पुठ्ठ्यात."

काय झालं होतं ते जगात एकटीलाच कळू शकत होतं, ती म्हणजे मी.

कारखान्यात कामाला लागले तेव्हा मालकांनी विचारलं होतं, "वाचता येतं ना?" पोटाचा प्रश्न होता. मी "हो" म्हणाले. वाचनालयाची जुनी पुस्तकं दुरुस्तीला यायची, तेव्हा आधी पुठ्ठा वेगळा करायचा, मग आतलं पुस्तक उसवून नव्यानं शिवायचं, आणि शेवटी पुठ्ठा पुन्हा चढवायचा. दिवसाला वीस-वीस पुस्तकं टेबलावर नागडी पडलेली. कुठला पुठ्ठा कुणाचा, हे बाकीचे नाव वाचून ठरवायचे. मी पुठ्ठा काढतानाच त्याला एक रंगीत दोरा बांधायचे आणि त्याच रंगाचा दोरा आतल्या पुस्तकाला. लाल लालला, पिवळा पिवळ्याला. सगळे मला दोरेबाई म्हणायचे. त्यांना वाटायचं, ही टापटिपीची हौस आहे. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "दोरेबाईच्या हातून चाळीस वर्षांत एक चूक नाही."

एका पावसाळी दुपारची गोष्ट मला आठवली. रंगीत दोरे संपले होते. उरले होते दोनच, एक काळा आणि एक गडद निळा. बाहेर आभाळ दाटलेलं आणि टेबलावरचा दिवा गेलेला. दोन पुस्तकं एकाच जाडीची, एकाच मापाची. मी दोरे खिडकीकडं धरून बघितले आणि स्वतःला म्हटलं, दिसतंय की चांगलं.

नातीला हे सगळं सांगितलं. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तासाभरानं मी आत गेले. ती जमिनीवर तिच्या कागदांच्या मधोमध बसली होती.

"चारशे बारा शिक्के ट्रकवर आहेत, आजी. आणि 'जिन्या'वर फक्त चौदा. रविवारी भाषण आहे. माझा सगळा मुद्दाच उलटा झाला."

"मी सरळ करून देते," मी म्हणाले. "दुसरं पुस्तक घेऊन ये. दोन तासांचं काम आहे. पुठ्ठे सोडवायचे, आतली पुस्तकं बदलायची, अस्तराचा कागद डकवायचा. खळ वाळली की ज्याचं त्याच्या घरी. शिक्के पुठ्ठ्यावर आहेत, ते 'जिन्या'कडं जातील. तुझं भाषण जसंच्या तसं. माझीही चूक कुणाला कळायची नाही."

मी मनातल्या मनात खळ कालवायलाही लागले होते.

मग तिनं हिरवं पुस्तक उचललं आणि पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आणि कुणी पान उलटून बघितलं तर? तूच सांगतेस ना, वाचलेल्या पुस्तकाची पानं मऊ होतात."

"ते मला कळतं. समितीला कुठलं कळायला?"

"मला कळतं," नात म्हणाली. "तूच शिकवलंस."

अशा वेळी आपण कुणाला काही शिकवलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटतं.

दुपारी आम्ही दोघी वाचनालयात गेलो आणि मागच्या कपाटातून 'घाटातली ट्रकवाली' काढली. तांबड्या पुठ्ठ्यावर एक बाई स्टिअरिंग धरून डोळे वटारतेय. आत 'जागृतीचा जिना'. पानं कडक. पण नवव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ट्रक कधी येणार?' बाविसाव्या पानावर दुसऱ्या अक्षरात, 'मीही वाट बघतोय.' एकतिसाव्यावर तिसऱ्यानं, 'बंधूंनो, पुढे जाऊ नका. मी सत्तरपर्यंत जाऊन आलो.'

नात हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून. ग्रंथपालानं "शुक्" केलं. आम्ही पुढची पानं उलटत गेलो. सत्तरच्या पुढं सगळं कोरं होतं. अगदी शेवटच्या पानावर, छापील 'समाप्त'च्या खाली, बारीक नीटस अक्षरात एक ओळ होती. 'ट्रक आला नाही. पण हरकत नाही.'

"हा शेवटपर्यंत गेला," नात म्हणाली. "चौदांतला एक." ते पान तिनं बराच वेळ उघडं धरलं. मग म्हणाली, "एक कळत नाही. तांबडं पुस्तक नेणारे चिडले, लिहूनही गेले. हिरवं चारशे बारा वेळा गेलं, आणि एकीनंही येऊन सांगितलं नाही की ह्यात भलतंच पुस्तक आहे. का?"

मला तेव्हाच अंदाज आला होता. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हे तिनंच मला शंभरदा सुनावलेलं.

रविवारी सकाळी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं, त्या पाच मुलींच्या चित्रासमोर. अध्यक्षपदी मोठ्या बाई होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्या खुर्चीत बसल्या की पन्नाशीतली माणसंही पाठ सरळ करतात. पुस्तक छापायचं की नाही, तो शब्द त्यांचाच. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर आमचे मालक होते, नव्वद वर्षांचे. मला बघून त्यांनी शेजारच्याला कोपर मारलं. "ही आमची दोरेबाई. चाळीस वर्षांत एक चूक नाही."

नात उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठीक होता. तिनं चित्र दाखवलं, कात्रण वाचलं, शिक्के सांगितले. लोक मान डोलवायला लागले. मग ती म्हणाली, "आणि हे सगळं चूक आहे. कारण हिरव्या पुठ्ठ्यात 'जिना' नव्हताच. फार पूर्वी बाइंडिंग करताना कुणाकडून तरी पुस्तकांची अदलाबदल झाली."

"शक्य नाही," मालक खुर्चीतून म्हणाले. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळं मोठ्यानंच बोलतात. "काम आमच्याकडं होतं. आमच्याकडं अशी चूक होत नाही. हे दुसऱ्या कुणाचं तरी काम."

"काका, पण पुस्तकं..."

"पुस्तकं गेली खड्ड्यात. माझ्याकडं वाचता येणारी बाई होती. तिच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला. पोरी, तू मोजायला चुकली असशील."

नातीनं माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. आदल्या दिवशी तिनं मला वचन दिलं होतं, आजी, तुझं नाव येणार नाही. आता सगळे तिच्याकडं असे बघत होते, जणू तिनं एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर शाई सांडली होती.

मी उठले.

"मालक, चूक माझी," मी म्हणाले. "मला वाचता येत नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं होतं. दोऱ्यावर काम चालवायचे. त्या दिवशी काळा आणि निळा एकसारखा दिसला."

मालक डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिले.

"चाळीस वर्षं?" ते म्हणाले.

"चाळीस वर्षं."

"म्हणजे तू तपासत नव्हतीस?"

"नाही."

"अगं, मग तपासत कोण होतं?" मालक म्हणाले. "मला जवळचं दिसायचं नाही. चष्मा लावला की म्हातारा दिसतो म्हणून लावत नव्हतो. म्हटलं, दोरेबाई वाचतेय, मग आपल्याला कशाला काळजी."

मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. मालकही हसले, जरा उशिरा. मी बसले. शरम वाटायला हवी होती, पण चाळीस वर्षं पाठीवर घेतलेलं पोतं उतरल्यासारखं हलकं वाटलं, ते काही माझ्या हातात नव्हतं.

मोठ्या बाई मात्र हसल्या नव्हत्या. "शांत बसा," त्या म्हणाल्या आणि सगळे शांत बसले. "मुली, हिरव्या पुठ्ठ्यात 'जिना' नव्हता, तर मग काय होतं, ते सांगितलं नाहीस."

नातीनं हिरवं पुस्तक उघडलं. "'घाटातली ट्रकवाली'. मी एक उतारा वाचते." तिनं घसा साफ केला. "ब्रेक लागेना. दरीतून वारा वर येत होता. क्लीनर हुंदके देत होता. ती गिअर बदलत शांतपणे म्हणाली, रडायचं असेल तर उतरून रड..."

"...केबिन ओली करू नकोस."

ते नात म्हणाली नव्हती. ते खुर्च्यांमधून आलं. डाव्या बाजूनं एक आवाज, मागून दोन, दाराशी उभ्या असलेल्या एका बाईचा घोगरा आवाज. आणि अध्यक्षांच्या टेबलामागून एक, अगदी स्पष्ट, वर्गात बोलावा तसा.

नात पुस्तक तसंच धरून उभी राहिली. तिला पुढची ओळ सापडेना.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी सोळा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "वडिलांनी वर्तमानपत्रात वाचलं की चांगल्या घरच्या मुली 'जागृतीचा जिना' वाचतात. त्यांनी मला तो सक्तीनं आणून दिला. मी उघडला आणि पहिल्याच पानावर तिनं क्लच दाबला. मी वडिलांसमोर बसून वाचत होते. ते कौतुकानं बघत होते. विचारलं, समजतंय ना? मी म्हटलं, थोडं थोडं."

"आमच्या बाबांनी तर पाहुण्यांसमोर सांगितलं होतं," डावीकडची एक बाई म्हणाली, "आमची लेक दुसऱ्यांदा वाचतेय म्हणून."

"तुझ्यामुळंच मला महिनाभर मिळालं नव्हतं," मागची एक जण म्हणाली. "तरी निरोप पाठवला होता, लवकर परत कर, माझी गाडी घाटात अडकलीय."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?" नातीनं विचारलं.

"सगळ्यांना नव्हे. सगळ्याजणींना," मोठ्या बाई म्हणाल्या. "सांगायचं कशाला? सांगितलं असतं तर पुठ्ठा बदलला असता, आणि तांबड्या पुठ्ठ्यातलं पुस्तक कुणाच्या वडिलांनी घरात येऊ दिलं असतं?"

"पण मग," नात म्हणाली आणि थांबली. वर्षभराचा प्रश्न होता तो, तिला जपून विचारायचा होता. "पण मग तो काळ पुढारलेला होता की नव्हता?"

मोठ्या बाईंनी जरा विचार केला. "मी वडिलांना सांगितलं, मला नोकरी करायचीय आणि दुसऱ्या गावी एकटी राहायचंय. ते हबकले. म्हणाले, हे खूळ आलं कुठून? मी म्हटलं, 'जागृतीचा जिना' वाचून. आता त्या पुस्तकाला नाही म्हणायची सोय नव्हती, गावभर सांगून बसले होते. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली." त्यांनी चष्मा परत चढवला. "आता ह्यातून काय ते तू काढ. इतिहास तू शिकलीस. मी गणित शिकवायचे."

नात हातातल्या कागदांकडं बघत होती. तिचं ठरवलेलं भाषण तिथंच होतं, पण ते आता कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तिनं कागद उलटे करून टेबलावर ठेवले, पेन काढलं आणि डावीकडच्या बाईंना विचारलं, "तुम्ही कितव्या वर्षी वाचलंत? आणि पुढं काय केलंत?"

दोन तास कुणी उठलं नाही. एकीनं सायकल शिकल्याचं सांगितलं, एकीनं ठरलेलं लग्न मोडल्याचं, आणि एकीनं सांगितलं की तिनं काहीच केलं नाही, फक्त घरात कुणी ओरडायला लागलं की मनातल्या मनात गिअर बदलायची. नात सगळं लिहून घेत होती. माझा बाकाचा मुद्दासुद्धा लिहिला. चित्रातल्या पाच मुली मनगटं अवघडून वरून बघत होत्या.

शेवटी ग्रंथपालानं विचारलं, दोन्ही पुस्तकं आता आपापल्या पुठ्ठ्यात घालायची ना? मी म्हटलं, मी फुकट करून देईन, आता मला वाचता येतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "हात लावाल तर खबरदार." आणि समितीकडं वळून, "पुस्तक छापायचं. पण हे नव्हे. जे ती आता लिहील ते."

ते लिहायला तिला आणखी एक वर्ष लागलं. त्या वर्षात ती चांगली जेवली. छापून आलेली पहिली प्रत तिनं माझ्या हातात दिली. मी आधी पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, मग आतलं नाव वाचलं, मग परत पुठ्ठ्यावरचं. जुळत होतं. पुठ्ठ्याचा रंग हिरवा होता आणि त्यावर तांबड्या रंगात एक ट्रक होता. मशीनची शिलाई बरी होती, बरीच म्हणायची.

मग खिडकीशी बसून बोट ठेवून वाचायला घेतलं. नऊ दिवस लागले. शेवटच्या पानाखाली जागा सोडलेली होती. मी नातीच्या टेबलावरची पेन्सिल आणली आणि सावकाश, तिनं तिसरीत असताना शिकवलं होतं तसं, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढत लिहिलं, 'ट्रक आला.'